शंभर भागांची झोंबीकथा शिळी होऊ न देता कशी लिहावी: ठाणे आणि नवी मुंबईच्या जमिनीवर

झोंबीकथा शिळी होते ती झोंबींमुळे नाही, चक्रामुळे. चार माणसं पळतात, सुरक्षित जागा सापडते, बाहेरून एक क्रूर टोळी येते, फाटक तुटतं, झुंड आत शिरते, एखादं लाडकं पात्र मरतं आणि उरलेले पुन्हा रस्त्यावर येतात. पहिल्यांदा वाचताना धडधडतं. दुसऱ्यांदा वाचक टोळीची वाट बघत बसतो. तिसऱ्यांदा तो सुरक्षित जागेचं वर्णन वाचतच नाही, कारण ती पडणार हे त्याला ठाऊक असतं. त्यानंतर कितीही रक्त सांडलं तरी आमटीत पाणी घालणंच चाललेलं असतं.

तरीही लांब कथा ताजी राहू शकते. 'द वॉकिंग डेड' हे अमेरिकन कॉमिक ऑक्टोबर २००३ ते जुलै २०१९ या काळात १९३ अंक चाललं आणि आधी कसलीही घोषणा न करता संपवलं गेलं. त्याच्या शेवटच्या टप्प्यात 'कोण वाचणार' हा प्रश्न मागे पडला होता. एक मोठं, सुरळीत चाललेलं शहर कोणाच्या हुकमाने चालावं, यावर भांडण होतं. झोंबी तेच होते, पहिल्या अंकातले. बदललं होतं ते वर्ष. लांब झोंबीकथेत नियम गोठवायचे आणि काळ वाहू द्यायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: काळ गोठवतात आणि नियम बदलत राहतात.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. डोंबिवलीत घडणारा मराठी झोंबीपट २०२२ मध्येच येऊन गेला. 'आपल्या गल्लीत झोंबी' एवढ्या नावीन्यावर आता पाच भागही निघणार नाहीत. गल्लीचं पाणी, माती, भरती, जमिनीचे वाद हे सगळं कथेच्या यंत्रात घालावं लागेल.

त्यासाठी पहिला भाग लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: नियमांचं एक पान, चार-पाच चौरस किलोमीटरचा नकाशा आणि एक हिशेबवही.

नियमांचं पान

आज सगळे वापरतात ते नियम, म्हणजे मेलेले उठतात, माणूस खातात, डोक्यावर घाव घातला की पडतात, हे जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ च्या चित्रपटातून आले. शीर्षक बदलताना कॉपीराइटची सूचना छापायची राहून गेली, चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला आणि त्याचे नियम साऱ्या जगाने उचलले. मजा म्हणजे त्या चित्रपटात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. हे नियम म्हणजे काही वेद नव्हेत. तुमच्या कथेत ते का टिकतात, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पानावर या गोष्टींची उत्तरं आकड्यांत लिहा: चाव्यापासून बदलापर्यंत किती वेळ, चालण्याचा वेग, कशाकडे वळतात (आवाज, वास की हालचाल), पाणी लागतं का, शरीर कुजतं का, चावा न लागता मेलेला माणूस उठतो का.

पहिल्या उत्तरावर सगळा भूगोल ठरतो. बदल दोन मिनिटांत होत असेल तर रोग लोकलने प्रवास करणार नाही. तो ठाणे स्टेशनच्या पुलावरच फुटेल आणि तिथेच अडवता येईल. आठ तास लागत असतील तर चावलेला माणूस रुमाल बांधून घरी जाईल, जेवेल, झोपेल आणि पहाटे कल्याणच्या चाळीत उठेल. मग हिशेब करून बघा. दर ६ तासांनी बाधितांची संख्या दुप्पट होते असं धरलं, तर एकापासून सुरू करून २१ दुपटींत आकडा २० लाखांपुढे जातो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८.४ लाख होती. म्हणजे २१ गुणिले ६, १२६ तास, सव्वापाच दिवस. नवी मुंबईचे ११.२ लाख मिळवले तर फक्त एक दुप्पट जास्त लागते, आणखी ६ तास. प्रत्यक्षात शेवटी वेग मंदावतो, कारण निरोगी माणसं विरळ होतात आणि खाडी मध्ये येते. पण 'तीन आठवड्यांनी शहरात बातमी पसरू लागली' असं वाक्य लिहिण्याआधी हा गुणाकार करावाच.

कुजण्याचा प्रश्न तर आपल्याकडे टाळताच येत नाही. थंड, कोरड्या देशातलं प्रेत आणि वैशाखातलं ठाण्याचं प्रेत यांत फार फरक आहे. उघड्या प्रेतावर निळ्या माश्या काही तासांतच अंडी घालतात, साधारण दिवसभरात अळ्या निघतात आणि आपल्या उष्ण, दमट हवेत काही आठवड्यांत बराचसा सांगाडाच उरतो. मे महिन्यात साथ सुरू केली तर आषाढी येईपर्यंत पहिली झुंड चालण्याच्या लायकीची राहत नाही. मग तुमच्यापुढे दोन प्रामाणिक वाटा उरतात.

एक वाट: हे मेलेले नाहीत, बाधित जिवंत आहेत. मग त्यांना पाणी लागतं. पाण्यावाचून माणूस तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. खाडीचं खारं पाणी प्यायले तर आणखी लवकर जातात. वाचणार ते गोड्या पाण्यापाशी पोचलेले. आणि ठाणे तर तलावांचं शहर. मासुंदा, कचराळी, उपवन, जिथे संध्याकाळी माणसं फिरायला जायची तिथेच ते हजारोंनी गोळा होतील, आणि खाडीकाठ, जिथे एरवी कोणी फिरकत नाही, तो सगळ्यात सुरक्षित ठरेल. एका नियमाने शहर उलटंपालटं झालं. 'तलावपाळी', म्हणजे मासुंदाचा काठ, हा शब्द उच्चारला की अंगावर काटा यावा अशी कथा दुसऱ्या कुठल्या शहरात घडूच शकत नाही.

दुसरी वाट: ते मेलेलेच आहेत आणि कुजतात, पण आता जो कोणी मरेल तो उठतो. मग पहिल्या पावसाळ्यानंतर झुंड संपते आणि झोंबी घरात येतो. तापाने फणफणलेली आजी, बाळंतीण, झोपेत गेलेला शेजारी. भीती फाटकाबाहेर नाही, आतल्या खोलीत. इथे मराठी घराच्या रीती कामाला येतात. आजाऱ्याच्या खोलीला कडी बाहेरून घालायची का? मढ्यापाशी रात्रभर कोणी बसायचं? तोंडात गंगाजल घालायला कोण वाकणार? पिंडाला कावळा शिवतो की नाही हे बघणारी माणसं आता काय बघतील? या वाटेवर वीस-वीस भाग एकही धावपळ न दाखवता लिहिता येतात आणि वाचक श्वास रोखून वाचतो.

दोन्ही वाटा एकत्र करू नका. आणि तिसऱ्या भागानंतर पानावरचा एकही नियम खोडू नका. कंटाळा येऊ लागला की धावणारे, स्फोट होणारे, विचार करणारे झोंबी आणण्याचा मोह होतो. ते दोन-तीन भाग चालतं. मग धावणाऱ्यांपेक्षा मोठं काहीतरी आणावं लागतं, आणि आधीची सगळी भीती लहान होऊन बसते. नवी माहिती द्यायचीच असेल तर ती शोध म्हणून द्या, आणि ती आधीच्या घटनांना लागू पडली पाहिजे. चाळिसाव्या भागात 'त्यांना जमिनीची थरथर कळते' असं कळलं, तर वाचकाने मागे जाऊन सहावा भाग उघडावा आणि तिथे खांबाला कान लावून उभा असलेला झोंबी त्याला सापडावा.

नकाशा

सगळं शहर घेऊ नका. एक सोसायटी, तिच्या शेजारचं एक गावठाण आणि दोघांमधला रस्ता एवढं पुरे. कोपरी आणि चेंदणी कोळीवाडा, कळवा आणि विटावा, ऐरोली आणि दिवा कोळीवाडा, बेलापूर आणि दिवाळे: अशा जोड्या इकडे जागोजागी आहेत. टॉवर आणि कोळीवाडा यांत कधी एका भिंतीचंच अंतर असतं.

ती जागा स्वतः चाला. मोकळ्या हाताने माणूस तासाला ४ ते ५ किलोमीटर चालतो. पाठीवर २० किलो तांदूळ असला आणि दर वळणावर थांबून कानोसा घ्यायचा असला तर दीड-दोन. या फरकावरून तुमच्या पात्रांचं जग केवढं आहे ते ठरतं. पहिल्या वर्षी ऐरोलीच्या माणसाला वाशी म्हणजे परमुलूख वाटायला हवा.

आता खाडी. लेखक तिचा उपयोग फक्त अडथळा म्हणून करतात. ती खरं तर घड्याळ आहे. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकणाऱ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. ओहोटीला खाडीत गुडघाभर, कुठे कमरेइतका चिखल उघडा पडतो. आवाजामागे चालणारा झोंबी त्यात रुततो आणि भरती त्याच्यावरून जाते. चिंबोऱ्या उरलेलं काम करतात. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. मोबाइल मेल्यानंतर ज्याला तिथी माहीत आहे तोच खाडी ओलांडू शकतो. तुमच्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस बंदूकवाला नसून दिनदर्शिका जपून ठेवणारा असेल.

नवी मुंबईची जमीन समजून घ्या. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून शहर उभारताना काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिला. म्हणून धारण तलाव केले. पावसाचं पाणी त्यात साठतं. तोंडाशी असलेल्या झडपा भरतीच्या दाबाने बंद होतात, ओहोटीला उघडतात आणि पाणी खाडीत जातं. झडपेत प्लास्टिक आणि गाळ अडकला की हे सारं बिघडतं. देखभाल थांबून दोन पावसाळे गेले की उधाणाला जोरदार पाऊस आला तर सखल सेक्टरांत कमरेइतकं पाणी. पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवर खारफुटी उगवलेली दाखवा. तिवराची मुळं डांबरातून वर आलेली. इथे खलनायकाची जागा समुद्राने घेतली आणि त्यासाठी नवीन झोंबी शोधावा लागला नाही.

बाकी खुणा थोडक्यात: पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा (अंधार, प्रतिध्वनी, दोनच तोंडं, एकदाच वापरा, दुसऱ्यांदा धार जाते). येऊरच्या बाजूचं जंगल, जिथे बिबट्या आजही आहे आणि माणूस कमी झाल्यावर खाली उतरेल. वाशीचा घाऊक बाजार, कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य, मसाला अशा पाच बाजारांचा. वाशी, ऐरोली, कळवा हे पूल आणि २०२४ पासून अटल सेतू. पूल दिसला की तो उडवावासा वाटतो. उडवू नका, इथे कोणाकडे तेवढी स्फोटकं नाहीत. त्यावर ट्रक आडवे लावले की काम होतं, आणि ट्रक नंतर हलवता येतो. तो हलवायचा की नाही, यावर एक अख्खं पर्व उभं राहतं.

बंदुकांचंही तेच. पानापानांवर गोळीबार दिसला की कथा अमेरिकेहून उचलली आहे हे लगेच कळतं. ठाण्याच्या सोसायटीत पहार, कोयता, फावडं, हेल्मेट आणि गणपतीचा ढोल मिळेल. ढोल हे फार चांगलं शस्त्र आहे: आवाजाकडे वळणाऱ्यांना दोन किलोमीटर लांब नेता येतं, पण वाजवणाऱ्याने परत कसं यायचं?

हिशेबवही

ताजेपणाचं खरं काम इथे होतं. प्रत्येक भागाआधी वहीत लिहा: आज कितवा दिवस, कोणती तिथी, किती माणसं, किती पाणी, किती धान्य, किती इंधन, कोण आजारी. भाग लिहून झाला की आकडे बदला. पुढचं संकट वहीच दाखवते.

पहिला आठवडा घ्या. ६० फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे २४०. गच्चीवरची टाकी २०,००० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने २४० जणांना रोज ३२,४०० लिटर लागतात. टाकी पंधरा तासांत रिकामी. पण फक्त पिण्यासाठी माणशी ३ लिटर दिले तर रोज ७२०, आणि तीच टाकी २७ दिवस पुरते. पंधरा तास आणि सत्तावीस दिवस, यांमधला फरक म्हणजे एक व्हॉल्व्ह. तो कोण बंद करतं? वरच्या मजल्यावरचे आधीच बादल्या भरून बसलेत. सेक्रेटरी किल्ली घेऊन गच्चीवर गेला. वॉचमनचं कुटुंब पार्किंगमध्ये राहतं. त्याचं नाव सभासदांच्या यादीत नाही. त्याला ३ लिटर आहेत का? फाटकावर एकही झोंबी नसताना इथे खून होऊ शकतो, आणि वाचकाला दोन्ही बाजू पटतात.

वीज गेली की पंप बंद. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी दोरी आणि बादलीने काढावं लागतं, म्हणून झाकण उघडं राहतं, आणि दहा दिवसांत डासांची पहिली पिढी उडते. डेंग्यू येतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्यांना लेप्टो होतो. कथेत या तापांचा फायदा असा की ताप आलेला माणूस चावलेला आहे की डेंग्यूचा, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

पुढच्या तारखा वहीत आधीच मांडून ठेवा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. चार माणसांना महिना-सव्वा महिना, काटकसरीने दोन. मग लाकूड, आणि लाकूड म्हणजे फर्निचर. प्लायवूडच्या धुराने डोळे चुरचुरतात, स्वयंपाकाला वास लागतो. रिक्षा सीएनजीवर, आणि सीएनजी भरायचे कॉम्प्रेसर विजेवर. म्हणजे रिक्षा पहिल्याच आठवड्यात उभ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी शोषतं; काही महिन्यांत गाड्या कुरकुरतात, वर्ष-दीड वर्षात बहुतेक पेट्रोल निकामी. सातव्या वर्षी घोडबंदर रोडवरून भरधाव गाडी पळवणारा नायक म्हणूनच खोटा वाटतो. सोलर पॅनेल वीस-पंचवीस वर्षं काम देतं, पण इन्व्हर्टरची बॅटरी तीन ते पाच. त्यानंतर वीज दिवसाच. उघडलेली इन्सुलिनची बाटली साध्या तापमानात साधारण २८ दिवस. दोन मडक्यांमध्ये ओली वाळू घालून थंडावा मिळतो, पण पावसाळ्याच्या दमट हवेत ते मडकंही नीट गार होत नाही. मधुमेह असलेलं एक पात्र पहिल्या भागापासून घ्या आणि त्याला फक्त आजार देऊ नका. पाण्याच्या वाटपाचा हिशेब त्याच्याइतका चोख कोणालाच जमत नसेल, तर उरलेले दिवस सगळे मोजतील.

आता एक गोष्ट जी बहुतेक लेखकांच्या लक्षात येत नाही. धान्यबाजारातला तांदूळ पेरता येत नाही. कांडलेल्या, पॉलिश केलेल्या तांदळाला कोंब फुटत नाही; पेरायला भात लागतं, टरफलासकट. डाळही उगवत नाही. उगवतात ते अख्खे मूग, चवळी, मटकी, हरभरे. म्हणजे गोदाम जिंकणारा गट दोन वर्षं राजा आणि तिसऱ्या वर्षी भिकारी. बियाणं आहे उरण, पनवेल, शहापूर, मुरबाडच्या शेतकऱ्यांकडे. खाडीकाठच्या जमिनीला तर खारं पाणी सोसणारं भात हवं. 'काळा रता'सारखे जुने वाण आहेत, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले वाणही आहेत. पण त्यासोबत खाडीचं पाणी अडवणारा बांध हवा आणि ही खारबंदिस्ती राखण्याचं ज्ञान हवं. ते ज्ञान आगरी शेतकऱ्याच्या हातात आहे, सतराव्या मजल्यावरच्या इंजिनिअरच्या हातात नाही.

आणि इथेच जुना हिशेब वर येतो. ही जमीन शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तुमच्या कथेच्या तिसऱ्या वर्षी टॉवरमधली माणसं गावठाणात बियाणं मागायला जातात तेव्हा समोरच्या आजीला ते सगळं आठवतं. ती भात देईल. पण जमिनीचा कागद कोणाच्या नावाने होणार, हे आधी विचारेल. हा प्रसंग लिहिताना कोणाला खलनायक करू नका. दोघंही बरोबर आहेत, म्हणून तो चार-पाच भाग टिकतो.

पर्वं आणि वर्षं

शंभर भाग म्हणजे पाच पर्वं, प्रत्येकी १८ ते २२ भागांची. एक भाग १,२०० ते १,५०० शब्द. दोन पर्वांच्या मध्ये काळाची मोठी उडी: पहिलं पर्व पहिले चाळीस दिवस, दुसरं पहिल्या पावसाळ्यानंतर, तिसरं तिसऱ्या वर्षी, चौथं दहाव्या, पाचवं तिसाव्या. उडीत काय घडलं ते सगळं सांगत बसू नका. दहाव्या वर्षी दोन पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच दाखवा. का, ते आठ भागांनी कळू द्या.

प्रत्येक पर्वाला एकच प्रश्न द्या, तोही आधीच्या पर्वात कोणालाच पडला नसेल असा. पाणी कोणाचं? मढ्यापाशी कोण बसणार? जमीन कोणाची? पूल उघडायचा का? आणि तिसाव्या वर्षी: ज्यांनी लोकल धावताना पाहिलीच नाही, त्यांनी आपल्या आठवणी का सांभाळायच्या?

लिहिण्याची रीतही पर्वागणिक बदलता येते, आणि त्यासाठी परक्या दाराशी जायला नको. पहिल्या पर्वात सोसायटीचं इतिवृत्त वापरून बघा:

"ठराव क्र. ७: गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी ७ ते ७.१५ उघडण्यात येईल. सूचक: ब-३०४. अनुमोदक: अ-१०२. अ-६०१ यांचा विरोध नोंदवून ठराव मंजूर. ठराव क्र. ८: अ-६०१ रिक्त असल्याने तेथील पाण्याचा वाटा समान विभागण्यात येईल."

दोन ठरावांच्या मध्ये काय घडलं ते लिहायची गरज नाही. दहाव्या वर्षी जातं परत आलेलं असेल, तर जात्यावरची ओवी हवी:

"पहिली माझी ओवी गं, पुलाच्या कमानीला,
भाऊ गेला पलीकडं, हाक नको मारू त्याला."

आवाजाचा नियम इथे घरातल्या गाण्यात मुरला. आणि तिसाव्या वर्षाचं पर्व बखरीच्या भाषेत लिहिता येतं, कारण तेव्हा पहिले चाळीस दिवस इतिहास झालेले असतात आणि बखरकार खोटं लिहितो हे वाचकाला माहीत असतं. त्याने पहिलं पर्व वाचलेलं आहे.

वीस-तीस वर्षांत श्रद्धाही बदलते, आणि आपल्याकडे तयार सामग्री भरपूर आहे. वेताळ हा भुतांचा राजा, वेशीबाहेर त्याचं ठाणं. कोकणात गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण देतात. मग पुलावरच्या त्या आडव्या ट्रकला शेंदूर लागणं किती स्वाभाविक आहे. फक्त झोंबीला मुंजा, हडळ किंवा समंध म्हणून मोकळे होऊ नका. त्यांना नाव असतं, इच्छा असते, त्यांच्याशी बोलता येतं. झोंबीशी बोलता येत नाही, हेच त्याचं भय आहे. गावातलं एखादं म्हातारं त्यांना समंध समजून बोलायला जातं आणि काय होतं, हे मात्र जरूर लिहा.

मरण किती आणि कोणाचं

पात्रं मारण्याचा हिशेब ठेवला नाही तर वाचक जीव लावणं थांबवतो. एका पर्वात मुख्य पात्रांपैकी दोनपेक्षा जास्त नकोत. भागाच्या शेवटच्या ओळीत मरण दहा भागांतून एकदाच. आणि प्रत्येक मरणाचं कारण वहीत किमान तीन भाग आधी सापडलं पाहिजे: गंजलेला कोयता, न उकळलेलं पाणी, चुकीची तिथी. अचानक झुडपातून आलेल्या झोंबीने मारलेलं पात्र वाचकाला लेखकाने मारल्यासारखं वाटतं. खाऱ्या हवेत लोखंड आठवडाभरात तांबूस होतं. तेल संपलं की धार जाते. हे पस्तिसाव्या भागात कोणी पुटपुटलं असेल तर अडतिसाव्यातलं मरण मनाला लागतं.

टोळीचा सरदार आणायचाच असेल तर बाहेरून आणू नका. व्हॉल्व्हची किल्ली ठेवणारा सेक्रेटरी चौथ्या भागात बरोबर असतो, त्याच्यामुळे २४० माणसं जगतात. पंचविसाव्या भागात तीच किल्ली त्याच्या गळ्यात आहे आणि पाणी आता भरपूर आहे. तो बदललेला नाही, वर्ष बदललं. असा माणूस वाचकाला सोडवत नाही.

लस आणि औषध यांपासून लांब राहा. मधल्या पर्वात 'पुण्यात लस आहे' अशी बातमी आली की सगळी वही निरर्थक होते, आणि ती खोटी ठरली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

प्रसिद्ध करताना

आठवड्याला एक भाग टाकणार असाल तर हातात किमान सहा भाग तयार ठेवून सुरुवात करा. दर दहा भागांनी वही आणि लिहिलेलं ताडून बघा. चुका बहुतेक वयात, तिथीत आणि कोणाच्या कोणत्या हाताला जखम होती यात निघतात. तिथीची चूक सगळ्यात लवकर पकडली जाते, कारण चंद्र लिहिताना सगळे बेफिकीर असतात: अमावास्येनंतर तिसऱ्या रात्री पात्रांना चांदण्यात पूल ओलांडायला लावू नका.

शेवटचा प्रसंग मात्र पहिल्या भागाआधीच लिहून बाजूला ठेवा. तो मोठा नको. एक उपाय हमखास जमतो: पाचव्या भागात फक्त कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असलेली एक गोष्ट शंभराव्या भागात कोणीतरी सहज करून जावी. तिसाव्या वर्षी, टॉवरमध्ये जन्मलेली नऊ वर्षांची मुलगी खाडीच्या धक्क्यावर बसली आहे. कोणीतरी विचारतं, पाणी कधी चढेल? ती बोटांवर षष्ठीची पाऊणपट करते, साडेचार म्हणते आणि जाळं उचलते.